चाल कोणाची? : नाट्यसंगीतकारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नाट्यपद म्हटले की आधी गायक आठवतो, मग नाटककार. चाल बांधणारा बहुधा विसरला जातो. वेळणेश्वरापासून सावंतवाडीपर्यंतच्या कोकणात देवस्थानांच्या उत्सवांत संगीत नाटके होत आली, पदे पाठ झाली. चालकर्त्याची विचारपूस मात्र क्वचितच झाली. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत ‘चाल कोणाची?’ या प्रश्नानेच करावेसे वाटते.

1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कर्नाटकी पदांच्या ओळखीच्या चाली घेतल्या. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ख्याल-ठुमरीच्या बंदिशी नाटकात आणल्या, आणि संगीतकार हा स्वतंत्र कलावंत ठरला. 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी हीच वाट रुंद केली.

पुढचा मोठा माणूस कोकणातला. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातल्या वझऱ्याचे. ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्याकडे त्यांनी विद्या मिळवली आणि अनवट रागांचे जाणकार म्हणून नाव कमावले. 1927 ची ‘रणदुंदुभि’ आणि 1931 चे ‘संन्यस्त खड्ग’ या बलवंत संगीत मंडळीच्या नाटकांना त्यांचे संगीत होते. दुसरे नाटक सावरकरांनी रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेत लिहिले. या मंडळीचे गायकनट मास्टर दीनानाथ यांच्या चपळ, धारदार गळ्याला वझेबुवांच्या आक्रमक गायकीने योग्य ते बळ दिले. 1945 मध्ये बुवा पुण्यात निवर्तले.

अशा संगीतकारांचे काम आज नेमके सांगणे मात्र अवघड आहे. इटलीचा ऑपेरा-संगीतकार व्हेर्दी गायकांबरोबर प्रत्येक वाद्याचे सूरही कागदावर लिहून ठेवी, म्हणून त्याचे ऑपेरे आजही त्या लिखाणावरून उभे राहतात. आपल्याकडे संगीतकार पदाचा आराखडा देई आणि गायक तो रंगमंचावर फुलवी. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. वन्समोर घेत रंगणारे पद त्यात पुरते येत नसे. म्हणून प्रत्येक पदाला तीन प्रश्न विचारावेत: चाल कोणत्या बंदिशीवरून आली, कोणाच्या गळ्यासाठी बांधली आणि नाटकातल्या कोणत्या प्रसंगाला ती उतरली? नाटकाची संहिता, तबकडी आणि जुन्या गायकनटांची आठवण एकत्र ठेवली, तरच उत्तर मिळते.

यातली आठवण सर्वांत आधी नाहीशी होते. वाचकहो, आपल्या गावात उत्सवी नाटकांत गायलेले कोणी वृद्ध असतील तर त्यांच्याकडून पदे ऐका, ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक पदापुढे चालकर्त्याचे नाव लिहा. या अभ्यासाला आज सर्वाधिक गरज याच कामाची आहे.