बग टेपमध्ये होता

परवा मामाकडचा स्पूलचा टेपरेकॉर्डर उघडून बसलो. स्पूल लावलं की किंचाळल्यासारखा आवाज, आणि दोन मिनिटांत टेप अडकायची. सवयीप्रमाणे आधी हार्डवेअरवर संशय. हेड पुसलं, सैल पडलेला रबरी बेल्ट बदलला. फरक शून्य! पुन्हा बघतो तर हेडवर तपकिरी चिखल. म्हणजे बग यंत्रात नव्हताच.

गंमत बघा. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन दाखवला. नोव्हेंबर १९३६ मध्ये जर्मनीतल्याच लुडविग्सहाफेनला लंडन फिलहार्मोनिकचा कार्यक्रम त्यावर रेकॉर्ड झाला. त्यातलं काही आजही ऐकता येतं. आणि १९७०-८० च्या दशकांतल्या कित्येक महागड्या टेप्स मात्र चिकटतात! त्यांत ऑक्साइडचे कण फिल्मवर धरून ठेवायला पॉलियुरेथेनचा बाइंडर वापरला होता. तो हवेतली ओल शोषतो, त्याचे रेणू तुटतात आणि कण सुटायला लागतात. आपल्याकडचे इतके पावसाळे काढल्यावर काय होणार?

उपाय ऐकून हसाल: टेप भाजायची! साधारण ५४ अंश सेल्सियसला, काही तास. मग ती काही आठवडे नीट वाजते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. जुन्या ॲसिटेट टेप्स मात्र भाजायच्या नाहीत. स्पूल उजेडासमोर धरल्यावर आरपार उजेड दिसला, तर ती बहुधा ॲसिटेट.

मामाच्या स्पूलवर आजीचा आवाज आहे. दुसरी कॉपी नाही. मी ‘प्ले’ दाबून दाबून चेक करत होतो, तेव्हा दर वेळी तोच थोडाथोडा हेडवर उतरत होता. आता स्पूल डब्यात बंद आहे. भाजायचं काम जाणकाराकडेच देणार.