तांबे : उपयोग
तांबे विजेचे उत्तम वाहक असल्याने त्याचा सर्वाधिक वापर तारा, मोटारींची वेटोळी व रोहित्रे यांत होतो. घरात हंडा, बंब, पळी-पंचपात्र. आंबट पदार्थ ठेवायचे भांडे मात्र आतून कल्हई केलेलेच हवे. पितळेत तांबे अधिक, जस्त कमी. बीदरच्या बिदरी कामात प्रमाण उलटे असते : जस्त सुमारे 16 भाग, तांबे 1 भाग. ओतीव भांड्यावर मोरचुदाचे (तांब्याच्या सल्फेटचे) द्रावण फासून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली नक्षी ठळक दिसते. खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी नवसागर व बीदर किल्ल्यातील माती यांच्या द्रावणाने मिश्रधातू कायमचा काळा पडतो. चांदी पांढरीच राहते. हेच मोरचूद चुन्यासह बोर्डो मिश्रण म्हणून द्राक्षबागांत बुरशीविरुद्ध फवारतात.