कूतच्या वेढ्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत : सातारा-सांगली परिसर आणि जीवनसत्त्व-पूरकांच्या निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

रोज घेण्यासाठी चांगली मल्टिव्हिटॅमिनची गोळी कोणती, हा प्रश्न आज सुशिक्षित कुटुंबांत सर्रास विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा वेष्टनावरील घटकांची यादी मोजून दिले जाते. ज्या गोळीत घटक अधिक, ती चांगली, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक पूरक आहाराची निवड हा केवळ बाजारपेठेचा प्रश्न नसून त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात सातारा व सांगली परिसराचा सहभाग आहे. कशाची उणीव आहे हे ओळखल्याशिवाय केलेली पूरकाची निवड निष्फळ, प्रसंगी अपायकारक ठरते, हे या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कूतचा वेढा : धान्य होते, जीवनसत्त्व नव्हते

आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. या संपूर्ण प्रदेशातून मराठा पलटणींत मोठी भरती होत असे. साताऱ्याजवळील अपशिंगे या एकाच गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. ‘अपशिंगे मिलिटरी’ हे गावाचे नाव त्या परंपरेची साक्ष देते.

मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याने कूत-अल-अमारा येथे या डिव्हिजनला वेढले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिकांनी शरणागती पत्करली. या वेढ्यात आहारशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक अशी घटना घडली. एकाच तटबंदीत राहणाऱ्या दोन गटांना दोन भिन्न रोग झाले. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांत बेरीबेरी दिसू लागला. कोंड्यासह दळलेला आटा आणि डाळ खाणारे हिंदी सैनिक त्यापासून बचावले, मात्र त्यांना स्कर्व्हीने गाठले. पांढरे पीठ संपल्यावर गोऱ्या सैनिकांनाही जवाचे पीठ व आटा द्यावा लागला आणि त्यांच्यातील बेरीबेरी ओसरला. ताज्या मांसात स्कर्व्हीला रोखणारे द्रव्य काही प्रमाणात असते. परंतु घोड्याचे मांस खाणे अनेक हिंदी सैनिकांना धर्मदृष्ट्या निषिद्ध वाटत असल्याने त्यांनी ते दीर्घकाळ नाकारले. हिरवी भाजी तर जवळजवळ नव्हतीच.

या रोगांमागील कारणमीमांसा त्या काळी नुकतीच आकार घेत होती. कॅसिमिर फुंक याने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द १९१२ मध्ये, म्हणजे वेढ्याच्या अवघी तीन वर्षे आधी रूढ केला होता. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या भागातील शेतकऱ्यांच्या मुलांनी पुस्तकातून नव्हे, तर सुजलेल्या हिरड्यांवरून अनुभवले.

बाटलीतील रस आणि मोड आलेली कडधान्ये

स्कर्व्हीवरचा उपाय सैन्याला अज्ञात होता असे नाही. मेसोपोटेमियातील फौजेला बाटलीबंद लिंबूरस पुरवला जात होता, तरीही रोग हटत नव्हता. यामागील कारण लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. पूर्वी आरमाराला यश देणारा रस भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या, पिवळ्या लिंबांचा होता. पुढे त्याच्या जागी वेस्ट इंडीजमधील लहान, हिरव्या लिंबांचा रस आला. नाव आणि आंबटपणा तोच भासत असला, तरी या रसातील प्रतिबंधक शक्ती बरीच कमी होती आणि साठवणुकीत ती आणखी क्षीण होई. मराठीत दोन्ही फळांना आपण ‘लिंबू’च म्हणतो, सैन्याच्या कोठारातही नेमका हाच घोटाळा झाला होता.

याच संशोधनातून दुसरा पर्याय पुढे आला, तो म्हणजे मोड आलेली कडधान्ये. कोरड्या कडधान्यात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. भिजवून मोड आणल्यावर मात्र ते तयार होते. १९१२ मध्ये फ्युर्स्ट यांनी प्रयोगाने दाखवलेली ही गोष्ट चिक यांच्या गटाने सैन्याच्या शिध्याच्या संदर्भात पुन्हा तपासली आणि हिंदी सैनिकांसाठी तिची उपयुक्तता प्रतिपादन केली. मटकी, हुलगा, मूग यांना मोड आणून उसळ करणे ही आपल्या घराघरांतील नित्याची रीत आहे. परदेशातून आलेली बाटली जेथे अपुरी पडली, तेथे पोत्यातील अख्खे कडधान्य आणि ओले फडके उपयोगी पडू शकत होते. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने असे कडधान्य फार शिजवू नये, एवढेच पथ्य होते.

‘मराठा आहारा’ची कसोटी

पुढील टप्पा कुन्नूर येथील प्रयोगशाळेचा आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. त्यात शीख आहार पहिला, पठाणी दुसरा आणि मराठा आहार तिसरा ठरला. गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी आहार त्यानंतर होते. सकस धान्य, दूध आणि ताजी भाजी यांचा मेळ हे वरच्या क्रमांकांचे रहस्य होते.

हा निष्कर्ष अभिमानाने उद्धृत करताना सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रयोगशाळेतील ‘मराठा आहार’ म्हणजे माण, खटाव, आटपाडी किंवा जत येथील कोरडवाहू मजुराचे प्रत्यक्ष ताट नव्हे. १९७२ च्या दुष्काळात याच तालुक्यांतील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि तेथे वाटल्या जाणाऱ्या ‘सुकडी’वर अनेक लेकरांचे पोट भरले. सरासरीने वर्णिलेला आहार आणि विशिष्ट व्यक्तीच्या ताटातील आहार यांत अंतर असते. पूरकाची निवड ताट पाहून व्हावी, प्रांताच्या नावावरून नव्हे.

तुटवडा आणि अतिरेक

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने विशिष्ट उणिवेवर विशिष्ट पूरक हे धोरण स्वीकारले. १९७० पासून लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस आणि गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. याच सुमारास खाजगी बाजारात टॉनिके, बी-कॉम्प्लेक्स आणि ‘ताकदीची’ इंजेक्शने यांचे पेव फुटले.

या दोन प्रवाहांचे चित्र सातारा जिल्ह्याच्या एका अभ्यासातून उभे राहिले. डॉ. अनंत फडके व सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांची पाहणी केली. तिच्यावर आधारित ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक आरोग्य केंद्रांत आवश्यक औषधांचा तुटवडा आणि खाजगी क्षेत्रात अनावश्यक औषधांवर होणारा अपव्यय, अशी दुहेरी विसंगती या अभ्यासाने निदर्शनास आणली. ज्या गरोदर स्त्रीला लोहाची गोळी हवी, तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही आणि ज्याला गरज नाही, तो दरमहा टॉनिक विकत घेतो, ही या विसंगतीची सामाजिक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्के झाले. दुकानांत पूरके वाढली म्हणून उणीव घटली, असे म्हणता येत नाही.

अतिरिक्त मात्रा निदान निरुपद्रवी तरी असते काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले असता त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ मध्ये आढळले. अमेरिकेतील सुमारे १४,६०० पुरुष डॉक्टरांना दशकभर रोज मल्टिव्हिटॅमिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या अभ्यासात (२०१२) मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण किंचित घटले, परंतु हृदयविकारावर परिणाम दिसला नाही. आपल्या शेजारी पुणे परिसरातील खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. एक घटक भरपूर आणि दुसरा अपुरा, असा असमतोलही घातक ठरू शकतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पूरक निवडण्यापूर्वी उणीव निश्चित करावी. शाकाहारी व्यक्तीने बी-१२, उन्हात न जाणाऱ्याने ‘ड’ आणि मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रीने हिमोग्लोबिन तपासून घेणे श्रेयस्कर.

२) मात्रा दैनंदिन गरजेच्या जवळपास असावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. त्यामुळे दोघांना एकच गोळी सारखीच योग्य ठरेल असे नाही. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे शरीरात साठतात, म्हणून तीच द्रव्ये असलेली दोन उत्पादने एकत्र घेऊ नयेत. गरोदरपणात ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक विशेष धोक्याचा असतो.

३) नावावर विसंबू नये. लिंबूरसाची बाटली लिंबाचीच होती, तरी ती निरुपयोगी ठरली. वेष्टनावरील प्रत्येक घटकाचे प्रमाण आणि मुदत वाचणे अगत्याचे आहे.

४) जे ताटातून मिळू शकते, त्यासाठी प्रथम ताटाकडे पाहावे. लोहयुक्त जेवणाबरोबर लिंबाची फोड असावी आणि चहा जेवणाला लागून न घेता काही वेळाने घ्यावा. बी-१२ सारखी जी उणीव ताटातून भरून निघत नाही, तेथे गोळी निःसंकोच घ्यावी.

कूतमधील सैनिकांना निवडीचे स्वातंत्र्य नव्हते. आपल्याला ते आहे. महाविद्यालयीन शिक्षकांचा शब्द विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचतो. म्हणून कोणती गोळी चांगली, हे सांगण्याआधी कोणाला आणि कशासाठी, हे विचारण्याची सवय लावणे हे आपले कर्तव्य ठरते.