वेड्यांच्या इस्पितळाचे अभिलेख आणि स्मृतिभ्रंश : ठाण्याच्या संदर्भात

ठाणे येथील नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे वेड्यांचे इस्पितळ १९०१ साली स्थापन झाले. पुढे ‘ठाण्याला पाठवणे’ हा वाक्प्रचारच वेड लागल्याच्या अर्थी महाराष्ट्रात रूढ झाला. खुद्द ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरही तो थट्टेने वापरतात. बुद्धीच्या सर्व विकारांस लोकभाषेने अशी एकच वाट नेमून दिली.

शासनाची भाषाही फार सूक्ष्म होती असे नाही. १९१२ च्या कायद्याने ‘ल्यूनॅटिक’ची व्याख्या जडबुद्धी अथवा विकृतचित्त मनुष्य एवढ्यावरच आटोपली. वसाहतकालीन वार्षिक अहवालांत रुग्णांची विभागणी मुख्यतः मॅनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया अशा सदरांखाली होई. अभ्यासकाची फसगत होते ती येथे. या सदरातील ‘डिमेन्शिया’ म्हणजे आजचा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश नव्हे. दीर्घकाळच्या वेडाने बुद्धी झिजलेला तरुणही त्यातच मोजला जाई. हे आकडे जुळवून गेल्या शतकातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण काढू पाहणे व्यर्थ होय.

याच्या उलट दिशेची अडचण अधिक गंभीर आहे. स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी झिजून हातपाय, वाचा व गिळण्याची शक्ती जाते, त्या रोगाचे वर्णन पॅरिसच्या शार्को याने १८६९ पासून केले. या रोगात बुद्धी शाबूत राहते, हे मत पुढे पाठ्यपुस्तकांत सिद्धान्तासारखे स्थिरावले. वस्तुतः आर्नोल्ड पिक याने १८९२ मध्ये मेंदूच्या पुढील भागांच्या झिजेतून येणारी बुद्धिहानी वर्णिली होती. परंतु ती एका ग्रंथात व पक्षाघात दुसऱ्यात, असा संसार शतकभर वेगळाच चालला. १९६४ नंतर जपानी वैद्यांनी दोन्ही एकाच रुग्णात वारंवार दाखवून दिले. २००६ मध्ये टीडीपी-४३ हे प्रथिन दोहोंतील विकृत पेशींत सापडले, आणि २०११ मध्ये दोन्ही रोग एकाच घराण्यात आणणारा सी-९-ओआरएफ-७२ या जनुकातील दोष उजेडात आला. २०१३ च्या अभ्यासांनी तिसरा धागा जोडला : शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटते असे काही विकार या रुग्णांत अपेक्षेहून अधिक दिसतात. हा संबंध सांख्यिकीय आहे. त्यास कारण म्हणणे आज तरी उतावळेपणाचे ठरेल.

यावरून जुन्या अभिलेखांतील मौनाचा अर्थ लागतो. हात वाळलेला, बोबडे बोलणारा आणि स्वभाव पालटलेला मनुष्य ‘पक्षाघाताचा’ म्हणून घरी राहिला, तर त्याची बुद्धिहानी कोणी लिहून ठेवली नाही; ‘वेडा’ म्हणून दाखल झाला, तर हातांचे वाळणे गौण ठरले. अशा रुग्णाची नोंद न आढळणे हा रोगाच्या अभावाचा पुरावा नव्हे. भारतीय कायद्याने ‘स्मृती’ व ‘स्थल-कालाचे भान’ हे शब्द मानसिक आजाराच्या व्याख्येत घातले ते २०१७ साली. तत्पूर्वीच्या रुग्णपुस्तिका जेथे उपलब्ध असतील, तेथे निदानाच्या रकान्यापेक्षा गिळताना होणारा ठसका, लुळी पडलेली बोटे आणि मृत्यूचे नोंदलेले कारण यांकडे अगोदर पाहणे इष्ट ठरेल.