वालचंदशेठ आणि लढाईतलं सरकार

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं नाव आपल्याकडे साखर कारखान्यामुळे नाहीतर कॉलेजमुळे माहीत असतं. मला मात्र दुसऱ्या महायुद्धातलं त्यांचं आणि इंग्रज सरकारचं नातं जास्त विचारात पाडतं.

१९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन त्यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. विमानांचा जाणकार म्हणून विल्यम पॉली हा अमेरिकन जोडीला. सरकारला विमानं हवीच होती. १९४१ मध्ये तेही भागीदार झालं. पुढे जपान दाराशी आला, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन टाकला. पैसे मिळाले, कारखाना गेला!

मोटारीच्या कारखान्याला तर लढाईच्या कामाचा उद्योग मानायलाच सरकार तयार नव्हतं. वालचंद काही संत नव्हते, नफा त्यांना हवाच होता. पण अडचण नफ्याची नसावी. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला त्यांनी कोणाच्या हातून बसवली? काँग्रेसच्या राजेंद्रप्रसादांच्या! ऐन लढाईत अशा माणसाची सरकारला गरज होती, भरवसा नव्हता, असं मला वाटतं.

६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि ते कामही रखडलं. तिथलं पहिलं मोठं जहाज, ‘जलउषा’, पाण्यात उतरलं ते १९४८ च्या मार्चमध्ये. तोवर इंग्रज गेले होते. उतरवायला पंडित नेहरू आले होते.