चुंबकाच्या आत काय असतं?

मी बी.ए. मराठीची, पण शिक्षक कमी पडले की पाचवीचं सामान्य विज्ञान माझ्या गळ्यात पडे. १९८२ची गोष्ट. चुंबकावर कागद ठेवून लोहकीस पसरला, टिचकी मारली, सुंदर रेघा उमटल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे बाहेरचं झालं. आत काय असतं?" मला ठाऊक नव्हतं. "पुस्तकात आहे तेवढं लिही," म्हणून तिला खाली बसवलं. ते अजून बोचतं.

परवा वाचत बसले तेव्हा कळलं, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही पडला होता. १९०७ मध्ये पिएर व्हाइस यांनी मांडलं, की लोखंडात छोटे छोटे भाग असतात आणि प्रत्येकाची चुंबकीय दिशा निराळी असते. १९३१ मध्ये फ्रान्सिस बिटर यांनी अतिसूक्ष्म भुकटी वापरून पृष्ठभागावर या भागांच्या सीमा दाखवल्या. म्हणजे आमचाच लोहकीस, फक्त फार बारीक!

पण आरपार बघायचं तर क्ष-किरण हवेत. सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवले की ते प्रकाश टाकतात. १९४७ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा ती ऊर्जेची गळतीच होती. पुढे त्याच गळतीतून प्रखर क्ष-किरण मिळाले. १९८७ मध्ये जर्मनीत गिझेला श्युट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मळसूत्रासारखे पीळ घेत जाणारे क्ष-किरण लोखंड किती शोषतं, हे त्याच्या चुंबकीय दिशेवर ठरतं. म्हणजे एका दिशेचा भाग उजळ, उलट दिशेचा काळसर! १९९६ मध्ये बर्लिनला पातळ थरांतून आरपार असं चित्र मिळालं. शिवाय प्रत्येक मूलद्रव्याची ऊर्जा वेगळी, त्यामुळे लोखंड आणि कोबाल्ट वेगवेगळे दिसतात.

या सूक्ष्मदर्शकाला काचेचं भिंग चालत नाही. सोन्याच्या अतिसूक्ष्म कड्यांची चकती लागते. कडी जितकी बारीक, तितकं चित्र स्पष्ट. बर्कलेच्या सूक्ष्मदर्शकाने २००५ मध्ये १५ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पाच हजारावा भाग. आणि सिंक्रोट्रॉनचा प्रकाश लुकलुकत येतो, म्हणून चुंबकीय बदलांचा चलत्‌चित्रपटही काढता येतो.

ती मुलगी आता पन्नाशी ओलांडलेली असेल. तिने विचारलं तेव्हा क्ष-किरणांची ही युक्ती जगात कुणालाच साधलेली नव्हती. "मला माहीत नाही, आपण शोधू," एवढं म्हणायला काय हरकत होती?