बट्टा : परदेशी चलनाचा जुना हिशेब

‘नावाला बट्टा लागला’ असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा तो शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे हे बहुधा ध्यानात नसते. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवताना त्याच्या किमतीतून जी रक्कम कापली जाई, तिला बट्टा म्हणत. नाणे झिजलेले असेल तर बट्टा, परक्या टांकसाळीचे असेल तर बट्टा. बंगालमध्ये तर पहिल्या वर्षी पूर्ण किमतीने चालणारा सिक्का रुपया पुढच्या वर्षांत ‘सनत’ ठरून कमी किमतीत जाई. चांदी तेवढीच, साल मात्र जुने. सराफाला हे सारे ठाऊक असे, नाणे घेऊन आलेल्या माणसाला नसे. बट्ट्याचा सगळा इतिहास या एका फरकात सामावलेला आहे, असे मला वाटते.

अलीकडे परदेशी निघालेल्या परिचितांकडून एक प्रश्न वारंवार येतो. मुलाला भेटायला, नातवाच्या बारशाला किंवा नुसते पर्यटनाला जायचे आहे; डॉलर कुठे घ्यावेत, केव्हा घ्यावेत, चांगला भाव कसा मिळेल? सरकारी नोकरीत आकडेमोड करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे उत्तर येत असणार, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. उत्तर फार मोठे नाही. परंतु ते ज्या इतिहासातून आले आहे तो मोठा आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळचाही आहे.

मी जबलपुरात अधारतालच्या पुढे, पनागरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराजपूर भागात राहतो. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपुरास जाणारा दख्खनचा जुना रस्ता याच बाजूने येतो. या मुलखात मराठी राज्य आले ते १७८१ मध्ये, सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले तेव्हा. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. म्हणजे छत्तीस वर्षांत तीन सत्ता. प्रत्येक सत्तेबरोबर तिची टांकसाळ, तिचा रुपया आणि तिचा बट्टा आला. सागरची बालाशाही, नागपूरची नागपुरी, उत्तरेकडून येणारा फर्रुखाबादी. बाजारात सगळेच चालत आणि कोणताही एकमेकाबरोबर सारख्या भावाने चालत नसे. शेतकऱ्याच्या हाती गव्हाचे पैसे एका नाण्यात येत आणि सरकारी सारा दुसऱ्या नाण्यात भरावा लागे. मधला फरक सराफाचा. साऱ्याचा आकडा कागदावर तोच राहून रयतेचा भार वाढत असे. महसुलाच्या इतिहासात बट्ट्याला तळटीप मिळते; मी त्याला स्वतंत्र कर मानतो. कोणी लावला नाही, कोणी जाहीर केला नाही, पण वसूल मात्र झाला, असा कर.

राज्यकर्त्याने या बाबतीत काय करावे, याचा आपल्याकडचा सर्वांत स्वच्छ निर्णय मला १६७४ मध्ये सापडतो. त्या वर्षी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आला होता आणि तहाचे वीस कलमांचे मागणे घेऊन आला होता. त्यात एक कलम असे होते की, मुंबईत इंग्रजांनी पाडलेले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. जेराल्ड ऑंजियरने मुंबईत टांकसाळ सुरू केली ती १६७२ मध्ये. नवे नाणे खपवण्याची कंपनीला घाई होती. महाराजांनी या कलमाला संमती दिली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की आम्ही कोणाच्याही नाण्याला बंदी करत नाही. परंतु ज्या नाण्यात तोटा होईल ते घेण्याची सक्ती आम्ही प्रजेवर करू शकत नाही. तुमचे नाणे वजनाने आणि कसाने मोगलांच्या व इतरांच्या नाण्याइतके चोख असेल तर ते आपोआप चालेल.

या उत्तराचे थोर अर्थशास्त्रीय मोल आहे. राजाला नाण्याचा भाव हुकमाने ठरवता येतो, हा मोह त्या काळी दिल्लीपासून लंडनपर्यंत सर्वांनाच होता. इथे मात्र राजा म्हणतो की भाव वजन आणि कस ठरवतील, माझे काम प्रजेला फसू न देणे हे आहे. ज्या वर्षी स्वतःचा होन आणि शिवराई प्रचारात आणायची, त्याच वर्षी हे म्हटलेले आहे, हेही लक्षात घ्यावे.

नाणी अनेक, म्हणून पैसा नेणे जिकिरीचे. त्यावरचा उपाय हुंडी. नागपूरच्या पेढीवर रुपये भरावेत, काशीच्या पेढीवर तिथल्या चलनात उचलावेत. वाटेतील जोखीम सावकाराची, आणि त्याबद्दल हुंडणावळ द्यावी. काशीयात्रेला निघालेल्या मराठी माणसाच्या दृष्टीने परदेशी चलनाचा व्यवहार तो हाच. परंतु हुंडणावळ चढली की व्यापारी रोख चांदी किंवा जवाहीर माणसांबरोबर धाडत, आणि मग वाटेत ठग असत. जबलपुरास मुख्य ठाणे करून ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या कागदपत्रांत उमरावतीच्या धनराज शेठचे नाव येते. अफूच्या व्यापारातील ही मोठी पेढी; तिचा रोख ऐवज वाटेत लुटला गेला आणि तिचे गुमास्ते लुटीचा माग काढत फिरले. हुंडणावळ वाचवावी तर जीव आणि ऐवज दोन्ही पणाला, जीव वाचवावा तर हुंडणावळ द्यावी. विनिमयाच्या दरात जोखमीची किंमत असते हे इथे पुस्तकाशिवाय समजते. आज कार्ड की रोख, या प्रश्नात तीच तुलना आहे. सुदैवाने ठग नाहीत. (आहेत, पण ते आता फोनवरून येतात.)

१८३५ च्या कायद्याने कंपनीने सर्व ब्रिटिश मुलखासाठी एकच रुपया ठरवला : १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. अंतर्गत बट्ट्याचे दिवस तेव्हापासून संपत आले. संस्थानांत मात्र तो राहिला. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हाली सिक्का आठवत असेल. शंभर कलदार रुपयांना एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, हा त्याचा भाव. औरंगाबादचा विद्यार्थी पुण्यास शिकायला निघाला की तो एका अर्थाने परदेशीच निघालेला असे. मातृभाषा एक, चलन दोन.

देशातला बट्टा संपत होता तेव्हा बाहेरचा सुरू झाला. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७३ च्या सुमारास जर्मनीने चांदीचे चलन सोडले, जगात चांदी स्वस्त झाली, आणि जो रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता तो वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या आणि पुढे १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये, हा भाव स्थिर केला. याच १८९३ मध्ये घडलेली एक गोष्ट सरकारी माणसाने विसरू नये अशी आहे. घरी पैसे पाठवणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांचे नुकसान होते म्हणून त्यांना विनिमयभरपाई भत्ता सुरू करण्यात आला. पगाराचा अर्धा भाग, एका मर्यादेपर्यंत, बाजारात मिळणार नाही अशा १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने धरला जाई. दरातील फरक अर्थातच हिंदी करदाता भरत असे. बट्ट्यापासून सरकारने स्वतःच्या नोकरांना वाचवले; रयतेसाठी तसा भत्ता कधी निघाला नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर उलटे झाले. चांदी भडकली आणि रुपया चढू लागला. फेब्रुवारी १९२० मध्ये तो २ शिलिंग ८ पेन्सांच्या वर गेला, आणि १९२१ च्या प्रारंभी १ शिलिंग ४ पेन्सांच्या खाली उतरला. ज्याला लंडनमध्ये दहा पौंड हवेत त्याला पहिल्या भावाने पंचाहत्तर रुपये पुरत. वर्षभराने त्याच दहा पौंडांसाठी दीडशेहून अधिक मोजावे लागत. या घसरणीच्या मधोमध, जुलै १९२० मध्ये, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला गेले. जवळ स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, आणि हे सर्व रुपयांत. इकडून जाणारा प्रत्येक रुपया तिकडे महिन्यागणिक कमी पेन्स देत होता. त्यांनी डी.एस्सी.साठी विषय निवडला तोही रुपयाचाच. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्यातला मुख्य रोख असा की, सरकारच्या मर्जीने रुपये पाडता येतील अशी चलनव्यवस्था विश्वासास पात्र नाही. भाव स्थिर ठेवायचा तर आधी चलनाच्या पुरवठ्याला मर्यादा हवी. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हाही दर कमी झाल्याने व्यापारी वर्ग सुखावतो आणि वेतनावर जगणारा भरडला जातो, हा वर्गभेद त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही. आयोगाने १९२६ मध्ये १ शिलिंग ६ पेन्सची शिफारस केली, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्ससाठी भिन्नमत नोंदवले, आणि हा दोन पेन्सांचा वाद पुढे कित्येक वर्षे गाजला.

स्वातंत्र्यानंतरचा भाग बहुतेक वाचकांच्या घरातलाच आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. १९३९ मध्ये युद्धासाठी आलेले विनिमय-नियंत्रण १९४७ च्या कायद्याने कायम झाले आणि १९७३ च्या ‘फेरा’ने आणखी कडक केले. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यानंतरच्या दशकात शिकायला गेलेल्या पिढीच्या तोंडी ‘खिशात आठ डॉलर’ ही कथा आजही असते. तेव्हा चांगला भाव कुठे मिळेल हा प्रश्नच नव्हता. अधिकृत भाव एकच होता, फक्त त्या भावाने डॉलर मिळत नव्हते. मग काळ्या बाजारात जो जादा पैसा द्यावा लागे, तो बट्ट्याचा नवा अवतार. त्यातून नियंत्रणाचा मूळ हेतू किती साधला, हा निराळ्या लेखाचा विषय आहे. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, मार्च १९९२ मध्ये दुहेरी दर आला, वर्षभरात तो एक झाला, ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला आणि १ जून २००० पासून ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला. आता निवासी भारतीयास वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर स्रोतावर करवसुली नाही. प्रवासासाठी त्यावर घेतलेला कर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

डॉलर मुबलक झाले आणि बट्टा पुन्हा पेढीवर आला. तो कसा ओळखावा, हे एका हिशेबाने सांगतो. समजा बाजारात बँकाबँकांत डॉलर ९० रुपयांना फिरतो आहे. खिडकीवर पाटी आहे ‘कमिशन शून्य’, आणि भाव ९३ रुपये ६० पैसे. दोन हजार डॉलर घेणाऱ्याने इथे ७,२०० रुपये बट्टा दिला, आणि पावतीवर त्याची ओळ नाही. पावतीवर ओळ दिसते ती वस्तू व सेवा कराची. ती या व्यवहारावर सुमारे २५८ रुपयांची असते. गिऱ्हाईक त्या २५८ रुपयांबद्दल कुरकुर करून बाहेर पडते.

म्हणून पहिला नियम हाच : कमिशन विचारू नये, भाव विचारावा, आणि तो त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा शेकडा किती जास्त आहे, हे स्वतः काढावे. नोटांचा भाव सर्वांत महाग, कारण नोटा विमानाने आणाव्या लागतात, सांभाळाव्या लागतात, विमा उतरवावा लागतो. ही आजची हुंडणावळ. आधी रुपये भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डाचा भाव बहुधा नोटांपेक्षा बरा असतो. साधे क्रेडिट कार्ड परदेशी वापरले तर अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात. काही कार्डांवर तो नसतो, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. तिकडच्या दुकानदाराने ‘रुपयांत बिल करू का?’ असे आदराने विचारले तर तितक्याच आदराने नाही म्हणावे, कारण मग रुपयाचा भाव तो किंवा त्याची बँक ठरवते. जबलपूर, रायपूर, इंदूरसारख्या शहरांतून निघणाऱ्यांना एक जादा सूचना. दिल्ली-मुंबईच्या विमानतळावर घेऊ म्हणून सोडून देऊ नये. तिथे गिऱ्हाईक घाईत असते आणि दुसरी पेढी शोधायला बाहेर जाऊ शकत नाही, हे भाव लावणाऱ्याला ठाऊक असते. प्रवासाच्या साठ दिवस आधीपासून चलन घेता येते. दोन-तीन अधिकृत ठिकाणी एकाच दिवशी, एकाच तासात भाव विचारावा. पन्नास हजार रुपयांपर्यंतच रोख देता येते, बाकी खात्यातून द्यावे. दर प्रवासाला नोटा सामान्यतः तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतात; आणि परत आल्यावर दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करावे लागतात. उरलेले विकताना बट्टा दुसऱ्यांदा द्यावा लागतो, म्हणून नोटा बेतानेच घ्याव्यात.

डॉलर उतरेल म्हणून वाट पाहावी का, असेही विचारले जाते. पंधरा दिवसांत भाव कुठे जाईल हे कोणाला सांगता येत नाही, आणि एका कुटुंबाच्या प्रवासखर्चात त्या चढउतारापेक्षा दोन पेढ्यांतील फरकच बहुधा मोठा भरतो.

शासनाकडून मला एकच अपेक्षा आहे, आणि ती १६७४ च्या उत्तराच्या पलीकडची नाही. कोणाचा भाव बांधून देऊ नये. फक्त प्रत्येक पावतीवर त्या क्षणीचा बाजारभाव, लावलेला भाव आणि दोहोंतील फरक रुपयांत छापण्याचे बंधन असावे. नाण्याचे वजन व कस पूर्वी पोतदार तपासून सांगत असे. आज ते काम एका छापील ओळीने होण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेने कर्जांच्या बाबतीत सर्व आकार मिळून होणारा वार्षिक दर ऋणकोला लेखी कळवण्याचे बंधन घातलेलेच आहे, तेव्हा चलनविक्रीच्या खिडकीवर हे अवघड ठरू नये.